डोळे भरले की झूम: लघु माहितीपटातल्या या चुका टाळा

दर महिन्याला कुणीतरी आपला पहिला माहितीपट मला पाठवतं. विषय ठरलेला: साधा माणूस, खडतर आयुष्य, श्रद्धा, आशा. पहिल्या मिनिटाला पियानो वाजतो, दुसऱ्याला ड्रोन उडतो आणि तिसऱ्याला समोरच्याचे डोळे भरले रे भरले की कॅमेरा त्याच्या अंगावर धावून जातो. हा माणूस सकाळी उठून काय करतो, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

आशेबद्दल थेट विचारणं

"तुम्हाला बळ कुठून मिळतं?" असं विचारलंत की समोरचा भाषण करणार. त्याचा काय दोष? विषयच तुम्ही भाषणाचा दिलात.

मीही दिला होता. अपघातात डावा पाय गेलेल्या एका गृहस्थांवर फिल्म करत होतो. कृत्रिम पायाचं माप अजून व्हायचं होतं. दीड तास मुलाखत झाली, उत्तरं सगळी सत्कार समारंभातली. मी दिवे उतरवले, कॅमेरा बॅगेत टाकला, वायरी गुंडाळायला लागलो. तेवढ्यात त्यांनी खाटेखालून बूट ओढले आणि पॉलिशला बसले. दोन्ही बुटांच्या. उजव्यावर जितका ब्रश फिरला तितकाच डाव्यावर. नाडीच्या भोकांभोवतीची धूळसुद्धा फडक्याच्या टोकाने काढली. मी बॅगेची चेन उघडेपर्यंत बूट परत खाटेखाली गेले होते.

आणि मग मी म्हणालो, "काका, पुन्हा एकदा करून दाखवाल?"

दाखवलं बिचाऱ्यांनी. पण आता बूट कॅमेऱ्याकडे वळवलेला आणि नजर माझ्याकडे, "जमतंय ना?" तो शॉट फिल्ममध्ये नाही. घालवला मीच.

असं पुन्हा करून घेण्यावर बोललं की कुणीतरी हमखास माहितीपटकार रॉबर्ट फ्लाहर्टीचं नाव काढतं, त्यानेही दृश्यं घडवून घेतली होती म्हणून. कबूल, त्याच्या १९२२ सालच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या माहितीपटात आतल्या दृश्यांना उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडा इग्लू (बर्फाचं घर) बांधला होता. पण त्याचा कॅमेरा अवजड होता, फिल्मला भरपूर उजेड लागायचा. तुमचा कॅमेरा खिशात मावतो. तुम्हाला ती सबब नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: पहिल्या भेटीला कॅमेरा नेतच नाही. आणि शूट आटोपलं की सगळं आवरून झाल्यावर, अगदी शेवटी कॅमेरा ट्रायपॉडवरून काढतो, तोवर तो चालू असतो. चालू आहे हे सांगूनच. चोरून टिपण्यात काहींना हुशारी वाटते. मी अशांबरोबर काम करत नाही.

श्रद्धेचंही तेच. जोडलेले हात, मिटलेले डोळे, मागून येणारा उजेड... हे शॉट कुणाच्याही फिल्ममधून उचलून कुणाच्याही फिल्ममध्ये चिकटवता येतात. त्या माणसाची श्रद्धा ज्या कामात दिसते ते काम शोधा. आठवडा लागेल. लागू दे.

आवाजाला दुय्यम समजणं

चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात. बोलणं ऐकू आलं नाही की बंद करतात. तरी नवखी मंडळी पैसे लेन्सवर घालतात आणि माईक उधार आणतात! कॅमेऱ्यावरचा माईक चार हात लांबून माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. लेपल माईक (कॉलरला अडकवायचा छोटा माईक) लावा, तो कपड्याला घासतोय का ते तपासा आणि हेडफोन कानावर ठेवूनच मुलाखत घ्या. रेकॉर्डिंगची लेव्हल मीटरवर साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे माणूस अचानक मोठ्याने बोलला तरी आवाज फाटत नाही. "एडिटमध्ये बघू" हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नका.

फ्रीज बंद करा. त्याची घरघर तुमच्या कानाला सवयीची झालेली असते, माईकला नाही. परत चालू करायला विसरू नये म्हणून मी गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही.

निघण्याआधी ३० सेकंद सगळ्यांना गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज घ्या. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली भगदाडं त्यानेच बुजतात. या ३० सेकंदांचा कंटाळा करणारे नंतर त्या भगदाडांत पियानो ओततात.

उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाचपर्यंत मोजा. खरं वाक्य पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या अंकाला येतं. "हो, हो" करू नका, नुसती मान हलवा.

चित्रात दिवे लुकलुकतायत? वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर स्पीड १/५० सेकंद, ६० हर्ट्झची असेल तर १/६०.

फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. यावर चर्चा नाही.

सही घेतली म्हणजे संमती मिळाली, हा आणखी एक गैरसमज. कागदावर सही करताना फिल्म कशी दिसेल हे त्या माणसाला ठाऊकच नसतं. मी एडिट पक्कं करण्याआधी त्यालाच पहिल्यांदा दाखवतो. बूटवाल्या काकांनी पूर्ण बघितली आणि भावाबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं. माझ्या मते फिल्ममधलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं. त्यांच्यासमोरच काढलं.