भिंतचित्र रंगवताय? साहित्याच्या बाबतीत या चुका टाळा

भिंतचित्र करायचं ठरलं की बहुतेक जण आधी ब्रशचा संच घेतात, मग रंग. पत्रा (खरवडायची पातळ पट्टी), पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर (रंगाआधीचा, रंग धरून ठेवणारा थर) हे यादीत शेवटी येतं, नाहीतर येतच नाही. माझं मत विचाराल तर ही यादी उलटी करा. पैसे कमी पडत असतील तर छटा कमी घ्या, ब्रश चारच घ्या, पण भिंत तयार करायच्या साहित्यात हात आखडू नका. बिघडलेली चित्रं मला दुरुस्तीसाठी दाखवतात, तेव्हा चित्रकाराचा हात बहुधा चांगलाच असतो. भिंतीकडे मात्र कोणी पाहिलेलं नसतं.

ओल न तपासता रंग लावणं

याबद्दल मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त चित्रं यानेच जातात.

एका इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळची भिंत बघायला गेलो होतो. जंगलाचं चित्र, एकेक पान मन लावून रंगवलेलं, रंग ट्यूबमधले, भारीतले. वरचा भाग सुरेख होता. खाली कमरेच्या उंचीपर्यंत मात्र रंगाला फुगे आले होते. एका फुग्यावर बोट दाबलं तर आतून पाणी आलं. पत्र्याचं टोक कडेला सरकवलं तसा तळहाताएवढा पापुद्रा सुटून हातात आला. त्यावरचं पान शिरांसकट जसंच्या तसं होतं, आणि मागच्या बाजूला कापसासारखा पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेले क्षार, चिकटलेला.

रंगवणाऱ्या मंडळींचं म्हणणं होतं की रंगच खराब निघाला. भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहिलं तर फुलझाडांचा वाफा. माती थेट भिंतीला टेकवून रचलेली आणि झाडांना रोज पाणी. ते पाणी भिंतीत मुरत होतं आणि विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणत होतं. पुढे ॲक्रिलिकचा, म्हणजे सुकल्यावर प्लास्टिकसारखा होणाऱ्या रंगाचा पापुद्रा, त्यामुळे ओल बाहेर पडेना. क्षारांचे स्फटिक रंगाच्या मागे साठले आणि त्यांनी रंग आतून ढकलून काढला. त्यात भर म्हणजे प्रायमरही नव्हता. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून तो हात गाळला होता. तारखेसाठी प्रायमर गाळणाऱ्यांना माझं सांगणं एकच असतं: चित्र लहान करा, पण प्रायमर लावा.

उपाय काय केला? वाफा भिंतीपासून दूर नेला. खालचा पट्टा प्लास्टरपर्यंत खरवडला, भिंत सुकू दिली आणि लोणा कोरड्या, ताठ ब्रशने झाडला. लोणा पाण्याने धुवायचा मोह होतो, तो आवरा. ते क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतात. काही आठवडे वाट पाहिली, लोणा पुन्हा फुटत नाही याची खात्री केली आणि मगच रंगाला हात लावला. त्या पट्ट्यासाठी सिलिकेट रंग वापरला. तो प्लास्टरशी रासायनिकरीत्या जोडला जातो आणि भिंतीतली वाफ बाहेर पडू देतो. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी 1878 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे ही काही कालची नवलाई नाही. फक्त तो उघड्या प्लास्टरवरच धरतो, जुन्या ॲक्रिलिकवर नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवा, चारी बाजूंनी टेप लावून हवाबंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. आतून दमटपणा दिसला किंवा भिंतीचा तेवढा भाग गडद झाला, तर रंग आणायलाही जाऊ नका. आधी ओल कुठून येते ते शोधा. नवं प्लास्टर असेल तर किमान 28 दिवस थांबा. ताजं सिमेंट इतकं अल्कधर्मी असतं की काही रंगद्रव्यं त्यावर टिकत नाहीत. प्रशियन निळा हे त्याचं नेहमीचं उदाहरण. म्हणून नव्या भिंतीला अल्करोधक प्रायमरच घ्या, साधा नको.

लिओनार्दो द विंचीने 1495 ते 1498 या काळात ‘शेवटचं भोजन’ ओल्या चुन्यावर न रंगवता कोरड्या भिंतीवर रंगवलं, कारण त्याला सावकाश काम करायचं होतं आणि रंगवलेलं पुन्हा बदलायचं होतं. ते चित्र तो हयात असतानाच बिघडू लागल्याची नोंद 1517 मध्ये झाली. तेवढा मोठा हातसुद्धा भिंतीपुढे चालला नाही.

गुळगुळीत ऑइल पेंटवर थेट ॲक्रिलिक

भिंतीवर पाणी शिंपडा. थेंब होऊन ओघळलं तर खाली चकचकीत रंग आहे. 120 किंवा 150 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारा, धूळ पुसा आणि चकचकीत पृष्ठभागावर धरणारा प्रायमर लावा. तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी आली तर जुना रंग मेला आहे, तो घासून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. इमारत जुनी असेल तर त्या रंगात शिसं असू शकतं. तिथे कोरडं घासायचं नाही. आधी चाचणी करून घ्या आणि लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

मार्करने आराखडा

पर्मनंट मार्करची रेघ रंगातून वर येते. दोन हात मारा, तीन मारा, फिकट रंगाखालून ती जांभळट होऊन डोकावतेच. एकदा आली की डाग अडवणारा प्रायमर लावल्याशिवाय सुटका नाही. शिसपेन्सिलही जोरात दाबली तर पिवळ्या-पांढऱ्यात मिसळून रंग मळवते. मी फिकट खडू किंवा पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल वापरतो आणि रंग लावायच्या आधी जास्तीची रेघ ओल्या फडक्याने टिपून घेतो.

चित्र मोठं करून उतरवायला भिंतीवर चौकोन आखायचा कंटाळा असेल तर भिंतीवर खडूने वेडीवाकडी चिन्हं काढा, फोटो घ्या, फोनवर त्या फोटोवर आपलं चित्र पारदर्शक करून ठेवा आणि चिन्हांच्या आधाराने आकृती उतरवा. प्रोजेक्टरला अंधार लागतो आणि तो भिंतीसमोर सरळ नसला की चेहरे लांबट होतात. ही युक्ती भर उन्हातही चालते. हा शॉर्टकट मला मान्य आहे, कारण यात भिंतीचं काही बिघडत नाही.

वाटीभर रंग कालवणं

नवशिक्यांची ही सवय पाहिली की मला राहवत नाही. आकाशाचा निळा छोट्या वाटीत कालवायचा, निम्मं आकाश झालं की तो संपणार, मग अंदाजाने दुसरी वाटी. ओला असताना जुळल्यासारखा वाटतो. सकाळी आकाशाच्या मधोमध सरळ पट्टा दिसतो.

कारण असं की ॲक्रिलिकमधला बांधणारा घटक ओला असताना दुधाळ असतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो. त्यामुळे सुकलेला रंग ओल्यापेक्षा गडद दिसतो. ओल्या रंगाची तुलना सुकलेल्या रंगाशी करून छटा जुळवणं म्हणजे अंधारात चाचपडणं. एका मुलाने असंच भलंमोठं आकाश तीन वाट्यांत रंगवलं होतं. नंतर पट्टे झाकायला ढग काढत बसला आणि चित्रात नको तिथे ढगांची गर्दी झाली. शेवटी पुरेसा रंग एकदम कालवून सगळं आकाश पुन्हा मारलं, तेव्हा काम सुटलं.

हिशेब आधी करा. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर रंग एका हाताला साधारण 10 चौरस मीटर जातो, खडबडीत भिंतीवर बराच कमी. 5 मीटर लांब, 3 मीटर उंच भिंत म्हणजे 15 चौरस मीटर, दोन हातांना 3 लिटर. मी त्याच्या दीडपट कालवतो, झाकणाच्या बादलीत. झाकणावर त्याच रंगाचा फटकारा मारतो आणि शेजारी कोणता रंग किती घेतला ते लिहितो. छटा तपासायची तर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावतो, हेअर ड्रायरने सुकवतो आणि मगच भिंतीला लावून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगूनही फार थोडे जण करतात.

रंग पुरवायला पाणी ओतू नका. पाणी वाढलं की बांधणारा घटक विरळ होतो आणि सुकल्यावर रंग बोटाला भुकटीसारखा लागतो. पातळ, पारदर्शक थर हवा असेल तर ग्लेझ माध्यम घ्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या

ॲक्रिलिकला सिंथेटिक केसांचे ब्रश घ्या, डुकराचे केस पाण्याने लुळे पडतात. ब्रश केसांवर उभा करून पाण्यात ठेवू नका.

नव्या रोलरचे तंतू सुटतात. आधी त्यावर टेप गुंडाळून ओढून काढा. गुळगुळीत भिंतीला आखूड लव, खडबडीत भिंतीला लांब.

मास्किंग टेप रंग पूर्ण सुकायच्या आत, तिरकी मागे ओढत काढा. सुकलाच असेल तर आधी कडेने ब्लेड फिरवा.

स्प्रे कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावर आणखी मिनिटभर हलवा. साधा कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, रंगाची वाफ नाही. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो आणि यात तडजोड नको.

टेकवायच्या शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या चौथ्या भागाइतका लांब. बादली हातात धरून चढायचं नाही, आकड्याला टांगायची.

बाहेरच्या भिंतीसाठी रंग घेताना डब्यावरचं रंगद्रव्याचं सांकेतिक नाव वाचा. आयर्न ऑक्साइडचे तांबडे-पिवळे आणि थॅलो निळा-हिरवा उन्हात टिकतात. ॲलिझरिन क्रिमझन आणि फ्लुओरोसंट छटा उडतात.

व्हार्निशची घाई

चित्र संपलं की त्याच संध्याकाळी व्हार्निश मारणारे भेटतात. आत पाणी राहिलं की वरचा थर धुरकट होतो, गडद रंगांवर तर लगेच दिसतो. डब्यावर लिहिलेला वेळ कमीत कमी समजा, दमट हवेत त्याहून जास्त थांबा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या, आणि आधी कोपऱ्यात लावून बघा.

आणि व्हार्निश म्हणजे कायमचं संरक्षण, ही समजूत सोडा. अजिंठ्याच्या चित्रांवर 1920 ते 1922 मध्ये इटालियन तज्ज्ञांनी चांगल्या हेतूनेच लाखेचा लेप दिला. पुढे तो पिवळा पडला, चित्रं झाकोळली आणि तो उतरवणं हेच जतनाचं मोठं काम होऊन बसलं. म्हणून असंच व्हार्निश निवडा जे पुढे कधी चित्राला धक्का न लावता काढता येईल. ज्या भिंतीत ओल येण्याची शक्यता आहे तिथे मी चकचकीत, हवाबंद व्हार्निश लावतच नाही.

उरलेला रंग फेकू नका. लहान, काठोकाठ भरणाऱ्या बरण्यांत ओता, म्हणजे आत हवा कमी राहते. बरणीवर भिंतीचा कुठला भाग आणि कुठली तारीख ते लिहा. पुढे खरचटलं तर टच-अप करताना मूळ थर ज्याने दिला तेच साधन घ्या. रोलरने दिलेल्या जागेवर ब्रशने केलेली दुरुस्ती छटा तंतोतंत जुळली तरी बाजूने उजेड पडला की वेगळी दिसते.