स्वादुपिंडाला अचानक सूज: या चुका टाळा

रात्री सावजी जेवण झालं आणि पहाटे पोटात कळ उठली की नागपुरात सगळा दोष तर्रीवर जातो. मग ओवा-काळं मीठ, मग पित्ताची गोळी, आणि त्यात दुपार होते. कळ बेंबीच्या वर असेल, पाठीत आरपार जात असेल, उलट्या थांबत नसतील तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते, वाट पाहू नका. मेडिकल कॉलेज, मेयो, जवळ असेल ते मोठं रुग्णालय गाठा. (तिखट बिचारं बहुतेकदा निर्दोष असतं. नेहमीचे आरोपी दोन, पित्ताशयातला खडा आणि दारू.)

सगळ्यात जास्त गोंधळ वॉर्डाबाहेर होतो. ताप १०१, पांढऱ्या पेशी सोळा हजार. नातेवाईक मागे लागतात, "डॉक्टरसाहेब, भारीतलं अँटिबायोटिक लावा ना!" पण सुरुवातीच्या दिवसांत बहुधा तिथे जंतूच नसतात. आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचं ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य स्वादुपिंडातच कामाला लागतं आणि पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींचा माल बाहेर सांडला की न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशी धावून येतात, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही सूज भडकवणारी रसायनं सोडतात. हे पोटापुरतं राहिलं तर ठीक. रक्तात उतरलं की अंगभर केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब पडतो, फुफ्फुसात पाणी भरतं, लघवी कमी होते. हा ताप आपल्याच फौजेचा. 'असू द्या, खबरदारी म्हणून' दिलेल्या अँटिबायोटिकने तो उतरत नाही. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग असेल तर गोष्ट वेगळी. स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागाला संसर्ग होतो तो साधारणपणे नंतर, दुसऱ्या आठवड्यापासून पुढे; तोवर प्रतिकारशक्तीच थकलेली असते.

लायपेज (स्वादुपिंडातलं पाचकद्रव्य, रक्तात मोजतात) रोज तपासून घेणं हा पैशाचा चुराडा. आकडा नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेला की निदानाला आधार मिळतो, तीव्रता मात्र त्यावरून कळत नाही. दोन हजारवाला चार दिवसांत घरी जातो आणि सहाशेवाला आयसीयूत. लक्ष ठेवायचं ते नाडी, श्वास, लघवी आणि क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाची रक्ततपासणी). सीआरपी ही सूज मोजणारी रक्ततपासणीसुद्धा पहिल्या दिवशी फसवते, तिचा आकडा चढायला ४८ तास तरी लागतात. एखादा अवयव ४८ तासांपेक्षा जास्त काळ बंद राहिला तर आजार गंभीर.

सलाईन जितकं जास्त तितकं बरं, हेही आता राहिलं नाही. २०२२ च्या 'वॉटरफॉल' नावाच्या, रुग्णांवर झालेल्या अभ्यासात भरमसाट सलाईनने फायदा दिसला नाही, उलट अंगात पाणी साठलेले रुग्ण वाढले. रिंगर लॅक्टेट (सलाईनचाच एक प्रकार) द्यायचं, तेही बेताबेताने.

उपासाचंही तसंच. आजार सौम्य असेल आणि भूक लागली असेल तर २४ तासांत कमी तुपाची खिचडी चालते. आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमकुवत होतं आणि आतले जंतू रक्ताकडे सरकतात. तोंडाने जमत नसेल तर नाकातल्या नळीने.

आणि सुट्टी मिळाल्याच्या आनंदात पित्ताशयातला खडा विसरू नका. आजार सौम्य असेल तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून घेता येतं का, हे घरी निघण्याआधी विचारा. 'दिवाळीनंतर पाहू' म्हटलं की खड्याला दुसरी संधी मिळते.