डीव्हीडीवरची कॉमेंट्री: कोणाची ऐकावी?

मालिकांच्या डीव्हीडीवरची ऑडिओ कॉमेंट्री, म्हणजे भाग चालू असताना तो करणाऱ्यांनी त्यावर मारलेल्या गप्पांचा वेगळा ट्रॅक, जरूर ऐका, पण सरसकट नको. आधी माणसं बघा. लेखक-दिग्दर्शक असतील तर बसा. नुसते नट जमले की बहुतेकदा खिदळणंच. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या पहिल्या सीझनच्या संचात (२००१) १३ही भागांना कॉमेंट्री आहे. त्यात पहिला म्हणून बनवलेल्या भागाचं अ‍ॅनिमेशन इतकं फसलं की बरंचसं पुन्हा करून तो १९९० मध्ये सीझनच्या शेवटी दाखवावा लागला, हे करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. असला मसाला स्ट्रीमिंगवर सहसा नसतो.

भाग आधी एकदा नुसता बघून घ्या. मग रिमोटवरचं ‘ऑडिओ’ बटण दाबून ट्रॅक बदला आणि सबटायटल चालू ठेवा. मूळ संवाद वाचता येतात, गप्पा कानावर पडतात. कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये हेच ‘ऑडिओ ट्रॅक’खाली सापडेल.

इंदूरकरांनो, राजवाड्याकडे कुठे जुन्या डिस्क दिसल्या तर खोक्याची मागची बाजू वाचा, कॉमेंट्री असल्यास तिथे लिहिलेलं असतं. नकली कॉपीत जागा वाचवायला हा ट्रॅक अनेकदा उडवलेला असतो. अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवत असाल तर प्लेअर आधी तपासा: डिस्कला प्रदेशानुसार रीजन कोड असतो, तो प्लेअरशी जुळला नाही तर डिस्क चालत नाही. तिकडचा रीजन १, आपला ५.