मायलेजसाठी जुनी गाडी काढायची? आधी वहीत हिशोब मांडा

मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन डेपोपासून अंतर जास्त, म्हणून परभणी-नांदेडात पेट्रोल मुंबईपेक्षा महाग पडतं. त्यात बारा वर्षांची गाडी १४ चं मायलेज द्यायला लागली की शोरूममधली २० देणारी गाडी डोळ्यांपुढून हलत नाही. बुकिंगचे पैसे भरायच्या आधी महिनाभर एवढं करा.

पहिलं काम, खरं मायलेज काढा. नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरा. रक्कम गोल करायला वरून टाकू देऊ नका. किलोमीटर लिहा, ४०० ते ५०० किमी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. चाललेले किमी भागिले आता बसलेलं पेट्रोल. असं तीनदा करून सरासरी काढा. एकदाच मोजलं तर टाकीत लिटर-दीड लिटर कमीजास्त बसतं आणि १४ चं १४.७ दिसतं. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरवर रांगत काढलेला आकडा धरू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, त्यानंही मायलेज थोडं उतरतं. ती घट नव्या गाडीलाही चुकत नाही.

दुसरं, गाडीतली गळती शोधा. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. ४२ अंशांच्या उन्हात पळवून आणलेल्या टायरात दाब जास्तच दिसतो. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर दर ५,००० किमीला काढून बघा. दहा-पंधरा किमी चालवल्यावर एकच रिम बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल, तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय.

आपल्याकडचा खास घोटाळा थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेचा. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून काही मेकॅनिक तो काढूनच टाकतात. मग इंजिनला योग्य तापमान गाठायला वेळ लागतो, थंडीत तर गाठतच नाही, आणि इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. अर्धा तास चालवूनही तापमानाचा काटा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट आहे का, हे आधी विचारा. गाडी खरोखर तापत असेल तर दोष रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंपात शोधा.

दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा आणि मगच बचत काढा. समजा, तरीही १४ च मिळतं, महिन्याला १,००० किमी होतात आणि पेट्रोल १०५ रुपये आहे. जुन्या गाडीला ७१.४ लिटर म्हणजे ७,५०० रुपये, २० देणारीला ५० लिटर म्हणजे ५,२५०. महिन्याला वाचले २,२५०, वर्षाला २७,०००. नवी ऑन-रोड ८ लाखांना आणि जुनीचे दीड लाख आले, तर खिशातून साडेसहा लाख जातात. ते नुसत्या पेट्रोलवर वसूल व्हायला २४ वर्षं लागतील! त्यातले ६ लाख कर्जाने घेतले तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १२,४५० आणि एकूण व्याज दीड लाखाच्या घरात. नवीचा विमाही जास्त, आणि किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जास्त पडते.

मायलेजच्या आकड्यावर जाऊ नका, लिटर मोजा. १० वरून १४ वर गेलात तर हजार किमीला साडेअठ्ठावीस लिटर वाचतात. २० वरून २८ वर गेलात तर फक्त सव्वाचौदा.

महिन्याला अडीच-तीन हजार किमी होत असतील तर चित्र पालटतं. लातूर-सोलापूर रोजचं येणं-जाणं असणाऱ्यानं सीएनजीचाही हिशोब करावा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, सीएनजीला ८. पण डिकीत टाकी बसते आणि पंपावरची रांग तुमचाच वेळ खाते. चार-पाच वर्षं वापरलेली गाडी मिळाली तर वसुलीची वर्षं बरीच घटतात, कारण मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते.

चासी गंजली असेल, एअरबॅग नसताना रोज हायवेवर जावं लागत असेल, तर गाडी बदला. फक्त तो खर्च पेट्रोलच्या नावावर मांडू नका. आरसी बुकावरची तारीखही बघून ठेवा. १५ वर्षं भरली की पुन्हा नोंदणीची फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर, आणि फिटनेससाठी गाडी दाखवावी लागते. हा खर्च पाच वर्षांत वाटला तर नव्या गाडीच्या एका हप्त्यापुढे किरकोळच ठरतो.