जुन्या इंग्रजी थडग्यांवरील लेख आणि कोरीवकाम कसे वाचावे

जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे १९व्या शतकात हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेच्या, छावण्या होत्या. छावणीच्या गावातील जुन्या इंग्रजी थडग्यांची नोंद करायची असल्यास, ती जागा ज्या चर्चच्या किंवा मंडळाच्या ताब्यात असेल त्यांची परवानगी आधी घ्यावी.

अक्षरे वाचण्यासाठी दगड घासू नये. खडू, पीठ किंवा राख चोळू नये, तारेचा ब्रश आणि ॲसिड तर मुळीच वापरू नये. संगमरवर आणि चुनखडी ॲसिडने झिजतात आणि झिजलेले अक्षर पुन्हा मिळत नाही. खरे काम तिरपे ऊन करते. आडव्या शिळेवरील लेख सकाळी लवकर किंवा सायंकाळी वाचावा. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या दगडावरून ऊन घसटून जाते ते मात्र दुपारी बाराच्या थोडे आधी, आणि सकाळभर कोऱ्या वाटलेल्या ओळीतील प्रत्येक खाच तेव्हा एका कडेला सावली धरते, त्यामुळे नाव आणि वर्ष उठून दिसू लागतात. दगड सावलीत असल्यास सोबत्याला आरसा धरायला सांगून बाजूने उजेड पाडावा.

कोरीव चिन्हांवरून काळाचा अंदाज येतो. इंग्लंडमधील चर्चच्या आवारात १७व्या आणि १८व्या शतकांतील दगडांवर कवटी, हाडे, वाळूचे घड्याळ आणि पंख असलेले बालमुख आढळते, तर १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून कलश वाढत जातो. ग्लॉस्टरशायरमधील पेन्सविक येथे चुनखडीत घडवलेली पेटीसारखी थडगी यू नावाच्या सदाहरित वृक्षांमध्ये उभी आहेत. आपल्याकडील छावण्या नंतरच्या असल्यामुळे येथे कलश आणि अकाली मृत्यू सुचवणारा, मधेच तुटलेला स्तंभ शोधावा. वीरगळावरील चंद्र-सूर्याचा अर्थ जाणणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला ही चिन्हभाषा जड जाणार नाही. पेटीसारखे थडगे आतून पोकळ असते आणि दफन जमिनीखाली असते, म्हणून निखळलेली बाजू उचकटणे निरर्थक तर आहेच, शिवाय त्याने सगळा ढाचा कोसळू शकतो.

लेख ओळीस ओळ ठेवून, मूळ स्पेलिंग न सुधारता उतरवावा आणि न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे द्यावीत. 'एन. आय.' ही अक्षरे नेटिव्ह इन्फंट्रीची, म्हणजे हिंदी शिपायांच्या पायदळाची असतात. लहान मुलांचे वय महिन्यांत आणि दिवसांत दिले असल्यास ते अवश्य लिहून घ्यावे. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी, कच्च्या नकाशावर थडग्याचा क्रमांक टाकावा आणि नोंदीची एक प्रत जागेच्या व्यवस्थापकांकडे द्यावी.