तलावात गाळ किती साचेल, हे आधीच कसं ओळखायचं

माझी सगळी नोकरी माण-खटावच्या पाझर तलावांवर, म्हणजे पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पोचवणाऱ्या तलावांवर झाली. सुरुवातीला एका तलावाच्या भिंतीजवळ सळई खुपसली, वीतभर गाळ लागला आणि ‘काळजी नाही’ असं गावाला सांगून आलो. ओढा तलावात शिरतो ते तोंड मी पाहिलंच नव्हतं. पाण्याचा वेग तिथेच मोडतो, रेती आणि जाड गाळ तिथेच बसतो. भिंतीपर्यंत पोचते ती फक्त बारीक काळी माती. त्या गावाला चुकीचं सांगितलं, ते आजही सलतं.

म्हणून मे महिन्यात तलाव आटला की तोंडापासून भिंतीपर्यंत आडव्या रांगा आखा. दर दहा पावलांवर सळई मुरमाला टेकेपर्यंत ठोका. सरासरी जाडीला क्षेत्राने गुणा आणि तलाव बांधल्यापासूनच्या वर्षांनी भागा. मध्ये कधी गाळ काढला असेल, तर वर्षं तिथून मोजा.

पुढचा अंदाज येव्यावरून, म्हणजे वर्षभरात तलावात येणाऱ्या पाण्यावरून बांधायचा. समजा तलाव ३०,००० घनमीटरचा आणि वर्षाचा येवा ३ लाख घनमीटर. साठा भागिले येवा ०.१. या भागाकारावरून आलेल्यातला किती गाळ तलावात अडतो, हे ब्रून यांचा १९५३चा आलेख दाखवतो; इथे सुमारे ८५ टक्के अडतो. पुराचं पाणी बाटलीत भरा, निवळू द्या, तळाचा गाळ वाळवून तोला. लिटरला ३ ग्रॅम निघाला, तर वर्षाला ९०० टन येतो, ७६५ टन अडतो. घनमीटरला १.२ टन धरून साधारण ६४० घनमीटर. तलावाच्या ३०,००० ला ६४० ने भागलं, तर तो भरायला ४७ वर्षं लागतील.

बाटली एकाच पुराची नको. मृगात रानं नांगरलेली, उघडी असतात, तेव्हाचं पाणी सर्वांत गढूळ. पिकं उभी राहिल्यावर आलेल्या पुराचंही घ्या. ज्या पुराने जास्त पाणी आणलं, त्याला सरासरीत जास्त वजन द्या.

आणि ४७ वर्षांवर विसंबू नका. पाझर तलाव भरण्याआधीच निकामी होतो, कारण चिकणमातीचा पातळ थरही तळाची छिद्रं बुजवतो. पाणी तलावात दिसतं आणि खालच्या विहिरी कोरड्या पडतात. म्हणून दर वर्षी त्या विहिरींची पातळीही लिहून ठेवा.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला हा आलेख लावू नका. पावसाळ्यात त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या, काढलेले असले, तर पुष्कळसा गाळ पुराबरोबर खाली जातो. तिथे आधी विचारा, यंदा बरगे कधी काढले? जूनचा पहिला पूर बरग्यांवरून गेला असेल, तर सळई घेऊन उतराच.