टॉवर नसलेल्या धावपट्टीवर उतरताना या चुका टाळा

मुंबईत वाढलेल्या शिकाऊ पायलटच्या डोक्यात जुहूचा विमानतळ बसलेला असतो: विमानांना सूचना देणाऱ्या टॉवरमध्ये कुणीतरी आहे, तो सांगेल तेव्हा उतरायचं. पुढे हीच मुलं उड्डाणाचे तास भरायला बाहेरगावच्या छोट्या धावपट्टीवर जातात. तिथे टॉवर नसेल, तर रेडिओवर फक्त तुमच्यासारखेच इतर पायलट असतात.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे रेडिओ शांत, म्हणजे आकाश मोकळं. समोरचा चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असू शकतो. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं तर दोघांचंही बोलणं खरखरीत जातं. आपण कुठे आहोत आणि काय करतोय ते सांगणारा कॉल जरूर द्या, धावपट्टीचं नाव आधी आणि शेवटीही घ्या, पण त्यावर विसंबू नका.

नुसती नजर फिरवणं म्हणजे पाहणं नव्हे. समोरासमोर येणारी दोन विमानं प्रत्येकी १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किमी) वेगाने असतील, तर अंतर सेकंदाला सुमारे १०० मीटरने कमी होतं. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं यात साधारण साडेबारा सेकंद जातात असं धरतात. म्हणजे ते विमान सव्वा किलोमीटरवर असतानाच दिसायला हवं. सेसना १७२ या छोट्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटरचे. तेवढ्या अंतरावर ते हात लांब करून धरलेल्या तांदळाच्या दाण्याएवढे दिसतात. कॉकपिटच्या काचेच्या चौकटीतल्या खांबामागे असा दाणा सहज लपतो. म्हणून आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करा, प्रत्येकावर सेकंदभर थांबा आणि मधूनमधून डोकंही पुढे-मागे हलवा.

त्यातही फसवा असतो तो न सरकणारा ठिपका. काचेवरून सरकणारं विमान बहुधा बाजूने निघून जातं. एकाच जागी राहून मोठा होत जाणारा ठिपका तुमच्याच अंगावर येतोय. नवशिक्याला तो काचेवरचा डाग वाटतो.

मग वळायचं कुठे? समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे. वर्गात हे अचानक विचारलं की निम्मी मुलं डावीकडे म्हणतात. त्यांचा दोष नाही, सगळी गाडी चालवून आलेली.

फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरत जाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, वेगळीच गोची. सेसनाचे पंख वर, त्यामुळे वरचं दिसत नाही. पायपर या दुसऱ्या छोट्या विमानाचे पंख खाली, त्यामुळे खालचं दिसत नाही. वरून पायपर आणि खालून सेसना एकाच वेळी उतरू लागले, तर दोघेही एकमेकांना आंधळे. बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर, वळण्याआधी फायनलची पूर्ण रेषा डोळ्यांखालून घाला. लांबून सरळ फायनलला घुसण्याचा मोह मला तरी आवडत नाही. पाच मिनिटं वाचवून सर्किटमधल्या, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीतल्या, सगळ्यांचा हिशोब बिघडवायचा कशाला? खालच्या विमानाला उतरण्याचा पहिला हक्क असतो, पण म्हणून कुणाच्या पुढ्यात खाली घुसायचं नसतं.

क्यूएनएच, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रात भरायचा हवेच्या दाबाचा आकडा, कालचाच ठेवू नका. १० हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळपास ३०० फूट, आणि मग तुमचे हजार फूट दुसऱ्याच्या हजारांशी जुळत नाहीत.

निघतानाही घाई नको. धावपट्टीच्या अलीकडच्या थांबायच्या रेषेवर थांबून विमानाचं नाक फायनलकडे तिरकं वळवा, खिडकीतून बेस आणि फायनल दोन्ही बघा. लँडिंग लाइट लावा, कॉल द्या, आणि धावपट्टीवर जाण्याआधी पुन्हा एकदा बघा. पहिल्या वेळी तो दाणा खांबामागे असू शकतो.